साळूवहिनींच्या पाच परदेशी सवाष्णी

एका जंगलात, बाळांनो, द्वारकावहिनी नावाची एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळींदर, अंगभर लांब काटे असलेली. तिने एकदा एक नवस बोलला होता आणि बोलताना जरा घाई केली होती.

झालं होतं असं. तिच्या लेकीला, ठकूला, काटेच येईनात. आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता पोर वर्षाची झाली, तरी पाठ आपली आंब्याच्या कोयीसारखी गुळगुळीत. काट्यांशिवायची साळू म्हणजे बिबट्याची न्याहारी. द्वारकावहिनींनी वडाखालच्या देवीला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ठकूला काटे येऊ देत. सातासमुद्रापलीकडच्या पाच गावच्या पाच सवाष्णी जेवू घालीन. त्यांच्या मुलखात पाऊल ठेवल्यापासून त्या जेवेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

खरं तर त्यांना ओढ्यापलीकडची पाच गावं म्हणायची होती. पण आईच्या तोंडून असल्या वेळी मोठंच काहीतरी निघतं.

आठ दिवसांत ठकूला काटे आले. चांगले काळेपांढरे, ताठ. आता नवस फेडायला हवा होता. नाही फेडला आणि काटे गळले तर? वहिनी रोज सकाळी उठून लेकीचे काटे मोजू लागल्या.

तेवढ्यात जंगलात पाटी लागली. कोल्होपंतांची फ्रान्स सायकल सहल. तीन दिवसांत एकवीस ऐतिहासिक गावं. पंक्चरचा खर्च ज्याचा त्याने करावा. वहिनींनी पाटी दोनदा वाचली, देवीला नमस्कार केला आणि नाव नोंदवलं.

मग काय विचारता. त्यांनी गुळाच्या पन्नास पोळ्या केल्या. त्या आठ दिवस टिकतात. पाच खण घेतले, पाच नारळ घेतले, कुंकवाची कोयरी घेतली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि ओढ्याकाठी सायकल शिकल्या. चार वेळा ओढ्यात पडल्या, पाचव्यांदा ओढाच बाजूला झाला असं ठकू सांगते.

फ्रान्सात पोचल्यावर वहिनी हरखूनच गेल्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच झाडं, शाळेतल्या मुलींसारखी ओळीत उभी. पलीकडे सूर्यफुलांची शेतं, त्यापलीकडे द्राक्षांचे मळे, आणि दर टेकडीवर एक दगडी गाव. गावाला वेस, वेशीला कमान, मधोमध प्रार्थनामंदिराचा मनोरा. उतार लागला की वहिनी दोन्ही पाय पुढे सोडत. मागे पाच नारळ खडखडत, पदर फडफडे, आणि त्यांना लहानपणी झोपाळ्यावर हसू यायचं तसं हसू येई.

पण कोल्होपंत एकाही गावात थांबत नसत. त्यांचा नियम कडक होता. गावाची पाटी दिसली की सायकलवरूनच फोटो काढायचा, म्हणजे गाव बघून झालं. ससेराव नावाचा ससा मनगटावर घड्याळ बांधून चाकाचे फेरे मोजत होता. आठशे वर्षांचा किल्ला डावीकडून गेला तेव्हा तो उजवीकडे घड्याळ बघत होता.

पहिल्या दिवशी दुपारी कोल्होपंत पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात वहिनींनी तळ्याकाठी एक हंसीण गाठली. तिचं नाव ब्लांश. जनावरांची भाषा सगळीकडे एकच असते, तिकडे ती थोडी नाकातून बोलतात एवढंच.

वहिनींनी विचारलं, "नवरा आहे ना हो?"

"आहे. तळ्यावर असतो," ब्लांश म्हणाली. "म्हणजे नुसता असतो."

वहिनींना तेवढं पुरे होतं. त्यांनी तिला पाटावर म्हणजे एका सपाट दगडावर बसवलं, कुंकू लावलं आणि पोळी वाढली. ब्लांशने अर्धी चोच लावली. वहिनींनी तिच्या पुढ्यात दुसरी पोळी टाकली. मग तिसरी. मग आपल्याकडे म्हणतात तसं त्या प्रेमाने म्हणाल्या, "असं कसं, अजून एक घ्यायलाच हवी. पोट रिकामं राहून चालायचं नाही."

ब्लांश पांढरी होतीच, आणखी पांढरी झाली.

"माझी आजी आग्रहातच गेली," ती म्हणाली. "तिलाही असंच चोचीत कोंबकोंबून वाढत होते. नाताळात ती स्वतःच ताटात होती." आणि पंख फडफडवत ती तळ्यात गेली. पोळ्या तशाच दगडावर राहिल्या.

बाळांनो, वहिनी एवढ्याएवढ्याने खचणाऱ्या नव्हत्या. पुढच्या गावी त्यांनी एका कोंबडीला बोलावलं. तिला एकच नवरा नऊजणींत मिळून होता, पण सवाष्ण ती सवाष्ण. कोंबडीने मान तिरकी करून विचारलं, की पाहुणीला एवढं वाढतेस, मग तू का नाही गं जेवत? वहिनींनी खरं ते सांगितलं. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. कोंबडी कुंपणावरून उडाली ती बटाट्याच्या शेतापलीकडे उतरली. त्या मुलखात जो स्वतः न जेवता दुसऱ्याला पोटभर वाढतो, त्याची सुरी कुठेतरी जवळच असते.

दुसऱ्या दिवशी एका भिंतीवर गोगलगाय भेटली. ती तर 'जेवायला या' एवढं ऐकूनच शंखात गेली. आतून म्हणाली, आमच्यातल्या ज्यांना ज्यांना जेवणाचं बोलावणं आलं, त्या लसणीत गेल्या.

ही बातमी सायकलींच्या पुढे धावली. बदकिणीने दार लावून घेतलं. शेळी डोंगर चढून बसली. एक काटेरी बाई येते, कपाळाला लाल खूण करते आणि खाऊ घालते, अशी हाकाटी झाली.

तिसऱ्या दिवशी वहिनींच्या पोटात तीन दिवसांचं नुसतं पाणी आणि रोजचा एक खजूर. पोळ्या पंचेचाळीस शिल्लक. शेवटचं गाव टेकडीवर दिसत होतं. संध्याकाळी परतायचं होतं. चढावर पायडल मारताना त्यांना समोर मनोरा दिसेना, ठकू दिसू लागली. गुळगुळीत पाठीची.

त्या गावात आठवड्याचा बाजार होता. वाटेतल्या सगळ्या गावांची जनावरं गाड्यांत बसून आली होती, गोगलगायसुद्धा भाजीच्या टोपलीतून. वहिनी वेशीच्या कमानीखाली आल्या, आणि त्यांना भोवळ आली. सायकल एकीकडे, नारळ पाचीकडे, आणि साळू घाबरली की होतं तसं झालं. काटे उभे राहिले, चाळीसभर निसटले आणि रस्त्यावर पसरले.

मागून ससेराव आले. फुस्स. कोल्होपंत आले. फुस्स, फुस्स.

मग गर्दीतून ब्लांश पुढे आली. तिने मानेने वहिनींना टेकवून बसवलं आणि लांब पावाचा एक तुकडा त्यांच्या तोंडाशी धरला. वहिनींनी मान फिरवली. नवस सांगितला, ठकूची पाठ सांगितली. बिबट्याचंही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ब्लांश म्हणाली, "असं कसं. खायलाच हवं."

"मोडेल गं माझा उपास."

"मोडू दे. तू जेवताना दिसलीस तर मी जेवीन. देवी काय सुरी घेऊन बसलीय का?"

वहिनींनी डोळे मिटले. मनात देवीला म्हणाल्या, की बाई, तू पण आई आहेस. आणि तोंड उघडलं.

त्यांनी पाव खाल्ला. मग आपल्याच पोळीचा घास खाल्ला. त्या काही शिजवत नाहीत, कापत नाहीत, नुसत्या रडत रडत खातात हे पाहून कोंबडी कुंपणावरून उतरली. बदकीण आली. शेळी आली, आणि पोळीआधी खणाचा कोपरा खाऊ लागली. पाचवी राहिली. भिंतीवरून गोगलगाय उतरत होती. उतरायला तिला बराच वेळ लागला, पण कोल्होपंतांची चाकं बसलेली असल्यामुळे कुणालाच घाई नव्हती.

वहिनींनी तिलाही नवऱ्याचं विचारलं.

"आमच्यात नवरा वेगळा नसतो," गोगलगाय म्हणाली. "नवरा मीच आणि बायकोही मीच."

वहिनींचे जोडलेले हात कपाळाला गेले. चार सवाष्णी आणि वर अख्खं मेहूण, तेही एका पानात. इतकं तर त्यांनी बोललंही नव्हतं. त्यांनी गोगलगायीच्या दोन्ही शिंगांना कुंकू लावलं, एक तिचं म्हणून आणि एक त्याचं म्हणून.

पंचेचाळीस पोळ्या तासाभरात संपल्या. मनोऱ्यावर घंटा वाजली. कोल्होपंतांना पंक्चर काढायला बाजारात हिंडावं लागलं. ते एका गल्लीतून दुसरीत शिरले, विहिरीत डोकावले, जुन्या चक्कीच्या दगडावर बसले आणि परत आले तेव्हा ससेरावांना हळूच म्हणाले, "अहो, गाव आतूनही असतं."

परतीच्या वाटेत वहिनींना एकच घोर होता. नवस फिटला, पण उपास मोडला होता. देवी कोणतं धरेल?

जंगलाच्या तोंडाशी ठकू वाट पाहत होती. आईला बघताच ती धावत सुटली आणि गळ्यात पडली. वहिनींना खांद्यापासून पोटापर्यंत सतरा ठिकाणी टोचलं. त्यांना आयुष्यात एवढं गोड काही टोचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कोल्होपंतांनी नवी पाटी लावली. तीन दिवसांत एकच गाव. पंक्चरची हमी.

तात्पर्य: घेतलेला उपास वेळेवर आणि चारचौघांत मोडावा, म्हणजे व्रत पुरं होतं. पाहुण्यांना जेवू घालायचं असेल तर आधी आपण जेवावं. आणि लांबच्या सहलीला निघताना पंक्चरचं सामान आठवणीने घरी ठेवावं.

तेव्हा बाळांनो, उद्या तुमच्या दारात कुणी दमलेली बाई डबा घेऊन उभी राहिली आणि तुम्हाला जेवा जेवा म्हणू लागली, तर एवढं माझं ऐका. पहिला घास तुम्ही तिलाच भरवा.