शाही नवभारत ब्रास बँडचे एकत्रीकरण

छत्रपती संभाजीनगरातल्या दोन जुन्या बँड कंपन्या, सिटी चौकातला ‘शाही दरबार’ आणि औरंगपुऱ्यातला ‘नवभारत’, गेल्या दिवाळीनंतर एक झाल्या. डीजेपुढे दोघांचाही टिकाव लागेना. शाही दरबारचे मालक फारूखसेठ गुडघ्यांना कंटाळून घरी बसले आणि नवभारतच्या तात्यासाहेबांनी त्यांची कंपनी ढोलांसकट, माणसांसकट आपल्यात घेतली. यात वावगे काहीच नव्हते. दोन घरांची सोयरीक होते तशी दोन बँडांची झाली, तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही.

दुखले ते फक्त कमरोद्दीन मास्तरांच्या. ते शाही दरबारचे क्लॅरिनेटवाले, तीस वर्षे बँडच्या सर्वांत पुढे चालत आलेले. नवभारतलाही मास्तर होते, मूळचे कन्नड गावचे बन्सीभाऊ. तेही क्लॅरिनेटवाले आणि तेही तीस वर्षे पुढेच चालत आलेले. बँडच्या पुढे माणूस एकच चालतो. ही गोष्ट दोघांनाही कळत होती, म्हणून दोघेही एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले होते.

एकत्रीकरणाचे काम तात्यासाहेबांनी आपले जावई कारभारी यांच्यावर सोपवले. कारभारी पूर्वी वाळूजला नोकरीला होते. तिथे त्यांनी दोन कारखाने इतके बेमालूम एक केले होते की शेवटी त्यांची स्वतःचीच जागा जादा निघाली. एवढा अनुभवी माणूस घरात रिकामा बसलेला सासऱ्यांना बघवेना. बँडच्या दुकानात एक टेबल आले, टेबलावर लॅपटॉप आला आणि जागा पुरेना म्हणून मोठा ढोल पायरीवर गेला.

सुरुवात कोटांपासून झाली. शाहीचा कोट लाल, नवभारतचा निळा. कोणाच्याही भावना दुखावू नयेत म्हणून डावी बाजू लाल आणि उजवी निळी असा कोट ठरला. बासष्ट जणांची बासष्ट मापे घेण्यात वेळ दवडणे कारभारींना मान्य नव्हते. त्यांनी सगळ्यांची मापे एकत्र करून सरासरी काढली आणि त्या एका मापाचे बासष्ट कोट शिवून घेतले. ढोलवाल्या सांडूच्या अंगात कोटाची एक बाही तेवढी गेली, झांजवाल्या फकिराचा कोट गुडघ्याखाली लोंबू लागला. सरासरीने मात्र कोट सगळ्यांना अगदी बरोबर बसले, असे कारभारींनी अहवालात नमूद केले.

मग गाण्यांची यादी झाली. दोन्ही बँडना मिळून एकशे चाळीस गाणी येत होती. त्यातली साठ दोघांनाही येत होती, ती दुबार म्हणून काढून टाकण्यात आली. कमरोद्दीन मास्तर यादी घेऊन टेबलाशी गेले.

“साहेब, नवरदेव घोड्यावर बसताना वाजवतो ते गानं दिसंना यात.”

“दुबार होतं,” कारभारी म्हणाले. “तुमच्याकडेही होतं, त्यांच्याकडेही होतं.”

“मंग एक काढायचं, एक ठेवायचं.”

“कोणाचं ठेवू, मास्तर? तुमचं ठेवलं तर बन्सीभाऊ पक्षपात म्हणणार. त्यांचं ठेवलं तर तुम्ही म्हणणार. एकत्रीकरणात पक्षपात बसत नाही.”

मास्तरांनी यादी मागून-पुढून चाळली. “मंग आता ऱ्हायली कोन्ती?”

“जी एकाच बाजूला येतात ती. त्यात तंटाच नाही.”

तेव्हापासून कोणतेही गाणे अर्धा बँड वाजवी आणि अर्धा बँड वाद्ये तोंडाला लावून अदबीने उभा राही. यावर कोणी तक्रार केली नाही. तक्रारीचा अर्ज दोन्ही बाजूंच्या सहीने द्यायचा होता, आणि एका बाजूला वाजवण्यापासून सवड नव्हती तर दुसऱ्या बाजूला आराम चालला होता.

सलामी बंद झाली ती कारभारींच्या चौदाव्या परिपत्रकाने. ही सलामी या शहरातल्या बँडवाल्यांची फार जुनी रीत. दोन मिरवणुका एका चौकात समोरासमोर आल्या की ज्याचा मुहूर्त आधी त्याला वाट आधी. दुसऱ्याने बाजूला व्हायचे आणि त्याच्या मास्तराने पहिल्यासाठी एक तान वाजवायची. पहिल्याने जाता जाता तिला उत्तर द्यायचे. दोन मिनिटांत चौक मोकळा. कमरोद्दीन आणि बन्सी यांनी तीस वर्षांत अशा शेकडो सलाम्या दिल्या-घेतल्या होत्या. धंद्यात ते एकमेकांचे पक्के वैरी होते, पण त्या दोन मिनिटांत कधी कोणी सूर कमी लावला नाही. खरे सांगायचे तर दोघेही वर्षभर एकमेकांसाठीच रियाज करत, कारण बाकी कोणी ऐकत नाही हे दोघांना ठाऊक होते.

“सलामी दोन कंपन्यांची असते,” कारभारींनी समजावले. “आता कंपनी एक आहे. स्वतःच स्वतःला सलाम ठोकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?”

मास्तरांनी असे बरेच पाहिले होते. सलामीच्या जागी मार्ग-प्राधान्य अर्ज आला. चौकात ज्याला आधी जायचे त्याने दुसऱ्या मास्तराची लेखी संमती घ्यायची. त्याच परिपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती. दोन मास्तरांपैकी एकालाच कायम करण्यात येईल, निर्णय हंगामाअखेर पाहुण्यांच्या अभिप्रायावरून होईल आणि परवानगीशिवाय वाजवलेल्या प्रत्येक सुराचे गुण कापले जातील.

संध्याकाळी घरी मास्तरांच्या बायकोने, जोहराबींनी, परिपत्रक वाचून घेतले. “दोघांतला एक म्हंजे कोन, जी? तुमी का बन्सीभाऊ?”

“काय म्हाईत.”

“आन् नाय ठेवलं तर?”

“नाय ठेवलं तर मागं चालायचं. झांजा घिऊन.” मास्तर क्लॅरिनेट पुसत राहिले. मागे चालायचे म्हणजे काय, हे त्यांना नेमके सांगता येईना. तीस वर्षे त्यांनी आपल्या बँडची फक्त चाहूल घेतली होती. त्याची पाठ कशी दिसते ते त्यांना माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

वैशाखातल्या एका दाट लग्नतिथीला कंपनीने दोन सुपाऱ्या घेतल्या. एक फुलंब्रीकरांची, मुहूर्त बारा वीस. दुसरी देवगाव रंगारीकरांची, मुहूर्त बारा पस्तीस. फुलंब्रीची मिरवणूक बन्सीभाऊंकडे, देवगावची कमरोद्दीन मास्तरांकडे. बारा वाजता दोन्ही गुलमंडीच्या चौकात समोरासमोर आल्या.

बन्सीभाऊंचा मुहूर्त आधीचा. मास्तरांचा हात सवयीने वर गेला, क्लॅरिनेट ओठांना लागले, आणि कापले जाणारे गुण आठवून तसेच खाली आले. समोर बन्सीभाऊंचेही तेच झाले. दोघे चौकाच्या मधोमध भेटले.

“कमरूभाई, तुमी संमती द्या, म्या निघतो.”

“देतो ना. पर तुमीबी मला द्या. उद्या साहेबानं इचारलं, मास्तर मागं का ऱ्हायला, तर कागद पायजे हातात.”

“व्हय, ते बी खरंच.”

दोघांनी घोड्याच्या पाठीवर कागद ठेवून एकमेकांना संमती लिहून दिली. आता दोन्ही मिरवणुकांना एकाच वेळी प्राधान्य मिळाले. दोन्ही निघाल्या आणि वीस पावलांवर चौकाच्या मध्यात एकमेकींत रुतल्या. दोन घोडे नाकाला नाक लावून उभे राहिले आणि दोन नवरदेव मुंडावळ्यांतून एकमेकांकडे पाहू लागले.

बन्सीभाऊंनी खिशातून नियमांची घडी काढली. नववे कलम असे होते, की कंपनीच्या दोन तुकड्या एका ठिकाणी आल्यास ती एकच तुकडी समजावी. दहावे कलम असे, की प्रत्येक तुकडीला एकच मास्तर असेल आणि त्याने खूण केल्याशिवाय वादन सुरू होणार नाही.

“आन् मास्तर कोन?” कमरोद्दीन मास्तरांनी विचारले.

“ते हंगामाअखेर ठरनार.”

कारभारींना फोन लावला. ते देवगावकरांच्या मंगल कार्यालयात पहिल्या पंगतीला बसले होते आणि तिथल्या तळघरातल्या हॉलमध्ये फोन लागत नव्हता. तेव्हा एकत्रित शाही नवभारत ब्रास बँड, एकूण बासष्ट वादक, वाद्ये तोंडाला लावून भर चौकात शांत उभा राहिला.

कमरोद्दीन मास्तरांना वाटले, आता लोक ओरडतील. कोणीतरी म्हणेल, वाजवा की ओ. त्या एका ओरडण्याची ते आशेने वाट पाहू लागले. पाहुण्यांनी सांगितले म्हणून वाजवले, असे निदान अहवालात लिहिता आले असते. पण पाहुणे नाचत होते. व्हिडिओवाल्याचा दिवा चालू होता, कोट चमकत होते, तोंडाला वाद्ये लागलेली होती, आणि मिरवणुकीत आणखी काय लागते? तरणी पोरे हात वर करून उड्या मारत होती. एकजण नोट दातात धरून सांडूच्या मुक्या ढोलापुढे लोळत होता. देवगावच्या नवरदेवाची आत्या आवडाबाई फुगडी थांबवून धापा टाकत मास्तरांपाशी आली.

“लई ग्वाड वाजवता बगा,” ती म्हणाली. “न्हाय तर बाकीचे मेले कान फोडत्यात.”

मास्तरांनी बन्सीभाऊंकडे पाहिले. बन्सीभाऊंनी नजर खाली वळवली.

हे पंचवीस मिनिटे चालले. मग ट्रॅफिकच्या हवालदाराने, ज्याला कोणतेही परिपत्रक लागू नव्हते, एक घोडा डावीकडे आणि एक उजवीकडे हाकलला. पाहुणे आपापल्या जवळच्या घोड्यामागे गेले. निम्मे देवगावकर फुलंब्रीकरांच्या लग्नात जेवले आणि निम्मे फुलंब्रीकर देवगावकरांच्या. अहेराची पाकिटे हाती पडेल त्या जोडप्याला मिळाली. कोणाची काही तक्रार आली नाही.

अभिप्रायाचे फॉर्म आइस्क्रीमच्या टेबलावर ठेवले होते आणि फॉर्म भरल्याशिवाय आइस्क्रीम मिळत नव्हते. त्यामुळे दोन्ही लग्नांचे मिळून आठशे बारा फॉर्म आले. कारभारींनी त्यांची छाननी केली आणि हंगामाअखेर दोन्ही मास्तरांना टेबलापाशी बोलावले.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “कंपनीच्या इतिहासातला सर्वोत्तम कार्यक्रम. गुलमंडीतल्या पंचवीस मिनिटांना लोकांनी सगळ्यांत जास्त गुण दिलेत.”

“तवा तर आमी वाजवलंच नाय, साहेब,” बन्सीभाऊ म्हणाले.

“तेच मी सासऱ्यांना दाखवलं. एकत्रीकरणाचा फायदा यालाच म्हणतात.” त्यांनी दोघांपुढे एकेक पाकीट सरकवले. मास्तरपदाची आवश्यकता उरलेली नाही असे आत छापलेले होते. दोघांनाही कमी करण्यात आले होते, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच आला नाही. कोट मात्र परत करायचे होते.

बन्सीभाऊंनी कोट काढून टेबलावर ठेवला. कमरोद्दीन मास्तरांनी आधी फॉर्म पाहायला मागितले. ढोल पायरीवर होता, त्याच्या शेजारी बसून त्यांनी आठशे बारा फॉर्म एकेक करून वाचले. कोणीतरी एकाने, निदान एकाने, ‘बँड वाजलाच नाही’ असे लिहिले असेल असे त्यांना वाटत होते. तेवढे एक वाक्य सापडले असते, तर ते उठून मुकाट्याने घरी गेले असते.

तुमचाही फॉर्म त्यात होता. पनीरच्या भाजीत मीठ कमी होते, यावर तुम्ही नेटक्या अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या. संगीताच्या रकान्यात ‘अतिउत्तम’वर खूण होती. ती मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली.