एडना क्रॉसलीची मतदारसेवा

"एकही मत घरात बसून राहणार नाही, हर्बर्ट. तू फक्त शाळेच्या दाराशी उभं राहून हसत राहा," नगरपालिकेच्या मतदानाच्या सकाळी एडना क्रॉसलीने नवऱ्याला बजावलं आणि मोटारीच्या नाकावर हुजूर पक्षाची निळी रिबीन बांधली.

बाई एवढी छाती ठोकून बोलत होती, त्याला कारण होतं. लंडनमधल्या हुजूर पक्षाच्या थोरामोठ्यांनी सुवेझ कालव्यावरून इजिप्तशी भांडण उकरून काढलं, तेलाची वाट बंद झाली आणि हॅडलबीसारख्या गिरण्यांच्या गावात पेट्रोल कुपनावर आलं. बाकीच्यांच्या मोटारी शेडमध्ये धूळ खात पडल्या. एडनाने मात्र नाताळपासून बाजारहाट, चर्च, बहिणीचं बाळंतपण, सगळं पायी उरकून आजच्यासाठी कुपनं साठवली होती. हर्बर्टची नगरसेवकाची जागा राहिली की याच महिन्यात नगराध्यक्षपदाचा मान त्याच्याकडे येणार होता, आणि एडना होणार होती नगराध्यक्षीणबाई. त्या समारंभाची टोपीसुद्धा तिने सांगून ठेवली होती.

मतदान टेकडीवरच्या शाळेत, आणि गिरणी कामगारांची गल्ली, टॅनर्स रो, टेकडीच्या पायथ्याशी. प्रचाराच्या वेळी तिथल्या प्रत्येक दारात तिला एकच उत्तर मिळालं होतं, "येऊ की, पण ती टेकडी चढवत नाही बघा." म्हणून एडनाने आधी टॅनर्स रो उरकायची आणि मग नदीपलीकडच्या बंगल्यांतली आपली हक्काची माणसं आणायची, असं ठरवलं.

सकाळपासून पाऊस लागला होता. पहिल्या फेरीला म्हातारी ओल्डरॉइडबाई काठी टेकत आली.

"काय गं मऊ गादी आहे, पोरी! मोठी लढाई संपली त्या साली मत दिलं होतं, त्यानंतर आज. गुडघेच नेईनात."

एडनाला भरून आलं. म्हातारीला सोडून ती परत आली, तर कोपऱ्यावर चार माणसं उभी. त्यापुढच्या फेरीला डझनभर. दुपारपर्यंत खाटकाच्या दुकानापर्यंत रांग गेली. कोणी एडनाला चहा आणून दिला, कोणी चरबी फासलेला पाव. नवल म्हणजे, मजूर पक्षाचा उमेदवार, बस कंडक्टर सिड ग्रिमशॉ, स्वतः टोपी काढून मोटारीचं दार उघडत होता.

"या, बसा आजोबा. पाय सांभाळून. क्रॉसलीबाई, हे झाले की पांगळे मिस्टर टर्टन आहेत हं."

बिचाऱ्याने हाय खाल्ली, एडनाच्या मनात आलं.

वर शाळेच्या दाराशी हसून हसून हर्बर्टचे गाल दुखायला लागले होते. त्याने मोटारीच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"एडना, कोणाला आणते आहेस तू?"

"मतदारांना."

"कोणाच्या?"

"असं कुणी विचारतं का, हर्बर्ट?" एडना हादरलीच. एखाद्याला पगार विचारावा, बाईला वय विचारावं, पण मत कोणाला, हे विचारायचं? तिच्या आईनेही बापाला कधी विचारलं नव्हतं.

"विचार," हर्बर्ट दात आवळून म्हणाला.

परतीच्या वाटेवर मोटारीत पुन्हा ओल्डरॉइडबाई होती. सकाळपासून ती शाळेतच गप्पा मारत बसली होती, आता तिला घरी सोडायचं होतं. एडनाने आडून विषय काढला. "त्या कालव्याचं फार वाईट झालं, नाही?"

"वाईट? माझ्या भाच्याला तिकडं लढायला धाडलं मेल्यांनी. बरी अद्दल घडवली आज त्यांना. आम्ही सगळ्यांनीच घडवली. तुझे उपकार हो, पोरी."

एडनाचं रस्त्यावरचं लक्षच उडालं आणि मोटार खाटकाच्या दुकानाच्या काचेला चाटून गेली. म्हणजे इतका वेळ ती नवऱ्याच्या मुळावरच माणसं वाहत होती! तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

मोटार वळवून थेट नदीपलीकडे जायचं. सरळ होतं. पण समोर रांग होती. पावसात भिजत, कुरकुर न करता, एकामागे एक उभी. पहिला नंबर मिस्टर टर्टनचा, दोन कुबड्यांवर. नंबर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं? तिचा हात गिअरवर गेला, पण तिच्याने मोटार हलवेना.

"बसा, मिस्टर टर्टन," एडना म्हणाली.

तिने सगळी रांग संपवली. नदीपलीकडे पोहोचली तेव्हा मतदान आटोपलं होतं. डॉक्टरांची बायको कोट घालून खिडकीत बसली होती. पेट्रोल नाही, वर हा पाऊस. तिथलं कोणीच बाहेर पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात निकाल लागला. हर्बर्ट पडला. थोडक्यात पडला, पण पडला. तो खांबासारखा ताठ उभा राहिला. एडनाला वाटलं, जमीन दुभंगावी.

सिड ग्रिमशॉ आभार मानायला उठला. गिरणी कामगारांचे मानले, मग टोपी छातीशी धरली. "आणि जिच्याशिवाय हे झालंच नसतं, त्या क्रॉसलीबाईंचे."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. सगळ्यांनी माना वळवल्या. आभार मानले की काय म्हणायचं, हे एडनाच्या जिभेला लहानपणापासून पाठ होतं. डोकं जागेवर यायच्या आत ती बोलूनही गेली.

"इश्श, त्यात काय एवढं! पुढच्या वेळीही नक्की सांगा."