ऑक्सीबाईंची दोन रिकामी पानं

एका जंगलात अणू राहत होते. जंगल इतकं लहान की मोहरीच्या दाण्यावर अशी लाखभर मावावीत. तिथे सिंह कसा मावला, हे विचारायचं नाही. गोष्ट म्हटली की सिंह लागतोच.

एकदा सिंहाने दवंडी पिटवली, "प्रत्येकाच्या दारातली पंगत भरलेली हवी. ज्याचं पान रिकामं दिसेल, त्याने जंगल सोडावं."

ऑक्सीबाई रडकुंडीला आल्या. त्यांच्या दारात पानं आठ आणि पाहुणे, म्हणजे इलेक्ट्रॉन, सहा. मेली दोन पानं कधी भरतच नव्हती.

निऑनरावांची आठही पानं जन्मापासून भरलेली. म्हणून मोजणीचं काम त्यांच्याकडेच.

"भाऊजी, दोन पाहुणे द्या हो," ऑक्सीबाई म्हणाल्या.

"आम्ही कुणाला देत नाही, कुणाकडून घेत नाही," असं म्हणून निऑनरावांनी दार लावलं.

शेजारी हायड्रू आणि भायड्रू हे भाऊ राहत. अंगाने किडमिडीत, म्हणून त्यांच्या पंगतीत पानं दोन-दोनच. पाहुणा मात्र प्रत्येकी एक.

"तुमचे पाहुणे द्या की रे!"

"वा काकू! म्हणजे जंगल आम्ही सोडायचं?"

ऑक्सीबाईंनी जरा विचार केला आणि डोळे मिचकावले. "देऊ नका. आपण दारं जोडू. तुमचा एकेक आणि माझा एकेक, असे जोडीने मधल्या उंबऱ्यावर बसवू. तुमच्याकडून मोजले तर तुमचे, माझ्याकडून मोजले तर माझे!"

दोघे भाऊ असे धावत आले की धाडकन आवाज झाला.

निऑनराव मोजायला आले. ऑक्सीबाईंकडे आठ, हायड्रूकडे दोन, भायड्रूकडे दोन. बेरीज बारा. आणि समोर पाहुणे तर आठच!

"लबाडी! तेच चेहरे दोनदा!" ते ओरडले. त्यांनी पाहुण्यांना ओढून पाहिलं, पण एकही हलेना. तिघांचा मिळून पाण्याचा रेणू झाला होता.

निऑनरावांनी तो पुरावा म्हणून तसाच दरबारात नेला. सिंहाच्या घशाला कोरड पडली होती. त्याने पुरावा चाटून पाहिला आणि मग गटकन पिऊनच टाकला.

"वा! असे आणखी आहेत का?" सिंह म्हणाला. त्याच दिवसापासून दारं जोडायला सरकारी परवानगी मिळाली.

रडू नका रे. पोटात गेले तरी तिघांनी एकमेकांना सोडलं नाही. सिंहाच्या घामाबरोबर हसत बाहेर आले.

निऑनराव अजून एकटेच आहेत. कुणीतरी त्यांना काचेच्या नळीत भरून दुकानाच्या पाटीवर लावलंय. तिथे ते लालबुंद होऊन बसतात.

तात्पर्य : पाहुणे आपलेच असावेत असं काही नाही, मोजणीच्या वेळी आपल्या दारात दिसले म्हणजे झालं. लबाडी पकडली गेलीच, तर पुरावा राजाला गोड लागेल एवढं बघावं.