वाघमारेकाकांच्या पोटऱ्या

वाघमारेकाका कुठलाही प्राणी दिसला की आधी त्याची मांडी बघायचे. तोंड नंतर. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हाही नजर खालीच. "प्रोफेसरसाब, तुमच्यानं जिना चढवत नाही ना?" म्हणाले. नव्हतंच चढवत.

मी इंदूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आलो आणि मिलच्या चाळीत त्यांच्या शेजारी खोली घेतली. काकांनी बावीस वर्षं दोन लूमच्या मधे उभं राहून कापड विणलेलं. वडील महूला पलटणीत. उभं राहणं घराण्यातच. मिल बंद होऊन वर्ष झालं होतं, पण गेटवर रोज कुणीतरी 'चालू होणार' म्हणायचंच.

मी तेव्हा घुशींच्या पायांच्या स्नायूंवर पेपर लिहीत होतो. घुशी काकाच आणून द्यायचे, मिलच्या भिंतीखालून. आडनाव वाघमारे आणि धरायचे घुशी, हा विनोद मी केला. हसलोही एकटाच.

मी घूस फाडायच्या आधीच ते सांगून मोकळे. "पुर्जा बोलतो, भिया, आपलं काम सांगतो. हा पुढचा हात बघा. आखूड, मोटा. माती उकरायचा. लोड उठाएगा, भागेगा नहीं. अन् ती खार बघा, मागची मांडी लंबी. तिचं काम उडी." माझ्या पेपरातलं मुख्य वाक्य हेच आहे. फक्त इंग्रजीत, आणि माझ्या नावावर.

एकदा मी सिमेंटच्या पिंजऱ्यात दोन महिने ठेवलेली घूस त्यांना दाखवली. हात काडीसारखे झालेले.

"असं कसं?"

"उकरायला माती नाही ना, काका. काम सुटलं की स्नायू सुकतो." इथं थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नाही. "हिची मिल बंद पडली!"

काका हसले नाहीत. वाकून स्वतःच्या पोटऱ्या चाचपल्या.

दुसऱ्या दिवसापासून काका सात ते तीन, मिलच्या पाळीच्या वेळेत, गॅलरीत उभे. चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे, जणू दोन्ही लूम चालूच आहेत. अकराला काकू डबा आणून देत, तोही ते उभ्यानंच खात. चाळ खिदळायची, "काका, आज ओव्हरटाइम है क्या?"

"बोलावणं आलं अन् पाय सुकलेले निघाले तर?" काका म्हणायचे.

काकू मला सांगत, "मिल सुरू झाली की पहिलं नाव यांचंच."

एका शनिवारी कॉलेजातून लवकर परतताना मिलच्या गेटातून लूम बाहेर पडताना दिसले. तोडलेले, ट्रकवर, भंगारात. मी तडक गॅलरीत गेलो.

"काका, आता बसा. लूम गेले."

"धीरे बोला." त्यांनी आत पाहिलं. "चार दिवस झाले. माझे दोन्ही परवा संध्याकाळी गेले. हात लावून आलो."

त्यांची पोटरी थरथरत होती. कुठला स्नायू ते मी नावानिशी सांगू शकलो असतो.

"मग उभे कशाला?"

"कुणीतरी हिला सांगेलच. पण मी बसलो की हिला खरं वाटेल."

आतून काकूंची हाक आली, "अहो, पाळी सुटायला किती वेळ? चहा टाकते."

"दस मिनट," काका म्हणाले, आणि चार पावलं उजवीकडे गेले.