निळ्यावर काळं

बायकोच्या कामात लुडबुड करायची नाही, हा नियम मी लग्नापासून कसोशीने पाळत आलोय. तो एकदाच मोडला, आणि त्या दिवसापासून किओनो शाईची दौत कुलपात ठेवते.

किओनो चित्रकथा काढते. तिची प्रेमकथा मुलींच्या मासिकात दर महिन्याला येते. (मी नेरिमाच्या वॉर्ड ऑफिसात कारकून आहे. माझं कुठेच काही येत नाही.) त्या महिन्यात संपादक तोकिवासाननी तिला आदराने 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणतच फोनवर बजावलं होतं, "सेन्सेई, चेहरे अगदी सपाट दिसतात. या खेपेला सावल्या ठळक दिसल्या नाहीत, तर मालिका बंद!" बिचारीचं जेवणावरचं लक्षच उडालं. रेखाटनं संपवून ती गडद ठिपक्यांचे चिकट कागद आणायला निघाली. सावलीच्या जागी ते कापून चिकटवायचे असतात.

"अहो, पाचला तोकिवासान येतील. पानांना हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?"

मी नुसता बघायला गेलो. बघतो तर काय! नदीकाठी नायक नायिकेला मागणी घालतोय, आणि दोघांच्या गालांवर, नाकाखाली, हनुवटीवर बाईसाहेबांनी सावल्या काढल्यात त्या फिकट निळ्या पेन्सिलीने. मला चष्मा लावूनही धड दिसेनात! छापखान्याने तरी काय करावं? आमच्या ऑफिसात कच्चं पेन्सिलीने आणि पक्कं शाईने, हे शिपायालाही कळतं. मला तिची दयाच आली. बाह्या सरसावल्या, ब्रश उचलला आणि निळं दिसेल तिथे काळं करत सुटलो. (कामात कुचराई मला खपत नाही.)

किओनो परत आली आणि तिच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"हे काय केलंत?"

"सावल्या! आता बघ कशा दिसतायत."

"अहो, निळं छपाईत उमटत नाही, म्हणून तर ते वापरतात! ठिपक्यांचे कागद कुठे चिकटवायचे त्याची खूण होती ती. इतकी वर्षं या घरात काय केलंत तुम्ही?"

नायकाला दाढी आली होती. नायिकेला मिशा, आणि त्या मिशांसकट ती लाजत होती. किओनो मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "पांढरा रंग लावू का?" असं मी विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर मी ब्रश लांब ठेवला.

शेवटी डोळे पुसून तिने फुग्यांतले संवाद खोडले, नवे लिहिले आणि कोपऱ्यात एक शेगडी काढली. ठिपक्यांचे कागद चिकटवायला वेळच उरला नाही, ते पिशवीतच राहिले. आता नदीकाठी मासे भाजताना शेगडीचा भडका उडाला होता आणि दोघांची तोंडं काजळीने माखली होती. नायक विचारत होता, "माझ्याशी लग्न करशील?" नायिका म्हणत होती, "आधी तोंड धुऊन या!"

तोकिवासान पाचच्या ठोक्याला हजर. मी जवाचा चहा दिला आणि खिडकीपाशी त्यांच्या खांद्यावरून वाकून उभा राहिलो. पहिल्या पानावर ते गालात हसले, तिसऱ्यावर खो खो. "सेन्सेई, मालिका चालू राहणार! पोरी हसून लोळतील."

किओनोचा जीव भांड्यात पडला. मी घसा खाकरला. (श्रेय कुणाचं, हे तिला आठवावं म्हणून.)

"पण सावल्यांचं तेवढं बघा हो," तोकिवासान पान निरखत म्हणाले. "अख्ख्या पानावर ठळक सावली एकच दिसतेय."

"कुठली?" मी उत्साहाने आणखी वाकलो.

"तुमची. जरा उजेडातून बाजूला होता का?"