अठ्ठ्याण्णवचं पाणी

थंडी पडली तसा उत्तमसिंगनं घरी गॅसचा गिझर आणला. त्याच्या आईनं, जिवनबाईनं, त्या गिझरला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि एकच अट घातली, "मोठ्या माणसाचं ठीक हाय. बंटीला त्या डब्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं न्हाई." त्यामुळं सात महिन्यांचा बंटी अजून चुलीवरच्याच पाण्यानं, आजीच्याच हातानं न्हात होता. त्याच्या आईचं, म्हणजे रुपाचं काम टॉवेल धरून उभं राहण्याचं. (तो टॉवेलही ती उलटा धरते, असं सासूचं मत होतं.)

त्या दिवशी जिवनबाई पुसेगावकडं एका साखरपुड्याला निघाली. जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "आज लेकराला नुसतं पुसून घे. उद्या मी आले की न्हाऊ घालीन."

"व्हय, याडी," रुपा म्हणाली. (बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात, अन् सासूलाही.)

जीप वळणाआड गेली आणि रुपाच्या मनात आलं, आपलं लेकरू आपणच काहून न्हाऊ घालू नये? एकदा बराबर जमलं की सासूलाही पटेल, अन् हे काम कायमचं आपल्याकडं येईल. टॉवेल मग कुणीही धरो.

गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या पडवीच्या भिंतीवर होता. बसवणाऱ्या संतराम फिटरनं बजावलं होतं, "आत लावायचा न्हाई, गॅस कोंडतो. पाणी भरून घ्या, गिझर बंद करा, मंग आंघोळ. अन् आकडा बघून वापरा." आकडा कोणता, ते सांगायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. डब्याला दोन बटणं होती, एक ज्योतीचं, एक पाण्याचं. वर लाल आकडे.

दवाखान्याच्या आशाताईनं मागं सांगितलेलं रुपाला पाठ होतं, लेकराचं पाणी अंगाइतकंच कोमट असावं. आणि अंग किती, हे तर तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. लस दिल्यावर बंटीला ताप आला तेव्हा तिनं एका दिवसात अकरा वेळा थर्मामीटर लावलं होतं. ताप नसलेलं अंग म्हणजे अठ्ठ्याण्णव.

तिनं नळ सोडला. डब्यात भप् झालं. रुपा दोन पावलं मागं सरली आणि मान लांब करून बघू लागली. आकडा आला, एकतीस.

अठ्ठ्याण्णवच्या लेकराला एकतीसचं पाणी? त्यापेक्षा सिद्धेश्वरच्या धरणात बुडवलेलं काय वाईट? तिनं ज्योत पूर्ण वाढवली. पस्तीस. अडतीस. बेचाळीस. पुढं गाडी हलेना. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अवो, गिझर अशक्त दिसून राहिला. बेचाळीसच्या वर चढतच न्हाई."

"तुला किती पाहिजे?"

"अठ्ठ्याण्णव."

उत्तमसिंग बाळापूरच्या बाजारात हळदीची पोती उतरवून घेत होता. त्याचं अर्धं लक्ष पोत्यांत, अर्धं हमालांत. उरलेल्या लक्षानं तो म्हणाला, "दुसरं बटण फिरव की मंग," आणि फोन ठेवला.

रुपानं पाण्याचं बटण जरा आवळलं. धार बारीक झाली आणि आकडा सरसर चढला. पन्नास. छप्पन्न. हे तिला नवीनच होतं. धार वाढवली, आकडा उतरला. बारीक केली, चढला. ती पाच मिनिटं हेच करत बसली. (कशासाठी आलो होतो, हे ती मधे विसरली होती.) एकसष्टला पडवीत वाफ भरली. अजून अठ्ठ्याण्णव बरंच लांब होतं, पण टपात किती ऊन आलंय बघावं म्हणून तिनं कोपर बुडवलं आणि कोपरासकट तीच उडाली.

तिनं गिझर बंद केला आणि कोपरावर गार पाणी ओतलं. एकसष्टला आपलं कोपर पोळतं, तर अठ्ठ्याण्णवला लेकराचं काय झालं असतं? आणि तरी बंटीचं अंग अठ्ठ्याण्णव होतंच की. तो पाळण्यात पडून पायाचा अंगठा चोखत होता. कुठूनही वाफ येत नव्हती.

मग तिला सासऱ्याच्या रानाची आठवण झाली. एकरात सांगितलं तर पाच, गुंठ्यात सांगितलं तर दोनशे. रान तेवढंच. थर्मामीटरचा आकडा अन् गिझरचा आकडा एकाच मापाचा असेल असं कुणी सांगितलं?

तिनं टप ओतून दिला, ज्योत बारीक केली, धार मोठी केली आणि आकडा सदतीसला थांबल्यावर मगभर पाणी घेऊन त्यात थर्मामीटर बुडवलं. ते वाजलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट पाच.

रुपा एकदा गिझरकडं, एकदा थर्मामीटरकडं बघत राहिली. (तिची शाळा सातवीत सुटली होती. हा धडा बहुतेक आठवीत असावा.)

टप भरला, गिझर बंद केला, पाणी ढवळून पुन्हा कोपर बुडवलं. लागलंच नाही, ना ऊन ना गार. बंटीनं पाण्यावर चापट मारली, उडालेल्या थेंबांकडं बघितलं, ओली मूठ तोंडात घातली. अंग पुसून होईपर्यंत त्याला झोप लागलीसुद्धा.

आता राहवेना. तिनं सासूला फोन लावला.

"याडी, मी बंटीला न्हाऊ घातलं. गिझरच्याच पाण्यानं. एकदम बराबर."

पलीकडं साखरपुड्याचा गलका. मग जिवनबाई म्हणाली, "किती रडला?"

"रडलाच न्हाई."

"मंग न्हाऊ कुठं घातलं? पाण्याला शिवून आणलं तू."

"न्हाई हो, साबण लावून…"

"थांब. शेजारी मिराबाईला विचारते."

दोन मिनिटांत भिंतीवरून मिराबाईचं डोकं वर आलं. कानाला फोन तसाच. "रुपा, मी तर सकाळपासून हितंच तूर निवडून राहिले. मला काहीच ऐकू न्हाई आलं. जिवनबाईशी खोटं कसं बोलू?"

रुपा आत गेली. झोपलेल्या बंटीचं जावळ हुंगलं. साबणाचा वास होता. कानामागं बोट फिरवलं. स्वच्छ वाटलं. पण दोन बायका, त्याही सहा-सहा लेकरं वाढवलेल्या, म्हणतात तर…

तिनं पुन्हा सदतीसला पाणी भरलं, पुन्हा कोपर बुडवलं, आणि गाढ झोपेतल्या बंटीला उचलून टपात बसवलं.

बंटीनं डोळे उघडले आणि असा भोंगा काढला की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून उभी राहिली.

भिंतीपलीकडून मिराबाईचा समाधानी आवाज आला, "हां, जिवनबाई, आता घातलं बगा. चांगलं रगडून घातलं."