डिपस्टिकला मताधिकार नाही

आरोग्य केंद्राच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल हवं आहे, असा अर्ज ड्रायव्हरने सोमवारी माझ्या टेबलापाशी उभं राहून तोंडी केला. मी हेडक्लार्क. तोंडी अर्ज मी ऐकत नसतो. त्या दिवशी ऐकला, कारण माणूस घाबरलेला होता.

"साहेब, गाडी झटके देतेय. तेल बदलायलाच हवं. वरच्या वस्तीत माझी ताई आहे, तिचे दिवस भरत आलेत. वीस तारीख दिलीय. त्या चढावर दुसरी कुठलीच गाडी चढत नाही."

"कुठलं तेल?"

"हे काय, डिपस्टिकवरच लिहिलंय की!" त्याने फडक्यात गुंडाळलेली, तेल मोजायची लांब पट्टी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर तेलाचं नाव कोरलेलं होतं. खाली कंसात 'लाल' असंही होतं.

आता बघा, इतकं सोपं असतं तर कार्यालयं कशाला काढली असती? पट्टी गाडी बनवणाऱ्याने दिलेली, म्हणजे तो हितसंबंधी. त्याचं ऐकलं आणि उद्या काही झालं, तर लोक बोट कुणाकडे दाखवणार? माझ्याकडे. निर्णयावर प्रभाव पडू नये म्हणून मी पट्टी पाकिटात घालून सील केली आणि तेलनिवड समिती नेमली.

समितीत दातांचे डॉक्टर, कारण ते ज्येष्ठ. ग्रंथपाल बाई, कारण त्या गुरुवारी मोकळ्या असतात. सचिव मी. ड्रायव्हरला घेतलं नाही. तो रोज गाडी चालवतो, त्याची मतं आधीच बनलेली असणार.

टेबलावर नमुन्याच्या तीन बाटल्या मांडल्या: लाल, पिवळी आणि निळी.

"घट्ट हवं," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पातळ वस्तूवर माझा विश्वास नाही."

"पण चारही चाकांना एकच तेल?" ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढला. "मागच्या चाकांचा कुणी विचार केलाय का?"

कुणीच केला नव्हता. मागच्या चाकांवर दोन बैठका गेल्या.

"अहो बाई, तेल चाकात नाही जात, गिअरबॉक्समध्ये जातं!" दारातून ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

"बैठक चालू असताना बोलायचं नाही," मी खेकसलो. इतिवृत्तात त्याची नोंद 'बाहेरचा आवाज' अशी केली.

सतरा तारखेपर्यंत एकमत होईना. मग मी तोडगा काढला: जनतेलाच विचारू. तिन्ही बाटल्यांचे फोटो लोकांच्या फोनवर पाठवले. एका दिवसात चार हजार एकशे बारा मतं! निळी बाटली प्रचंड बहुमताने निवडून आली. लालला अडतीस मतं पडली. त्यातली सदतीस गॅरेजवाल्यांची आणि एक ड्रायव्हरचं, ते बाद केलं.

निळ्या बाटलीत गाडीची काच धुवायचं पाणी होतं, हे नंतर कळलं. दोनच बाटल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ती स्वतःच्या गाडीतून आणून ठेवली होती. पण एवढ्या जनादेशापुढे मी कोण बोलणारा? एकोणीस तारखेला ते पाणी गिअरबॉक्समध्ये ओतलं. ड्रायव्हर हात बांधून बघत राहिला.

वीस तारखेला सकाळी गाडी तिसऱ्या वळणापर्यंत चढली, कण्हली आणि बसली. उरलेला चढ ड्रायव्हर पळत गेला. ताई कळा सोसत, त्याच्या खांद्यावर भार टाकून चालत खाली आली. सोबत सुईण होती म्हणून बरं. बंद गाडीच्या मागच्या सीटवर तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. अहवालात मी लिहिलं: 'वाहनात यशस्वी प्रसूती, एक. तेलाबाबत तक्रार नाही.'

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पुन्हा टेबलापाशी आला.

"ताईने विचारलंय, एक पट्टी वाचायला किती माणसं लागतात?"

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू? मान वर करवेना. पण दोष एकट्या माझा आहे का हो? मतदारांची यादी माझ्या कपाटात आहे. त्यात तुमचंही नाव आहे. कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'गाडीतलं मला काही कळत नाही, पण निळा छान वाटतो.'

आता नवा गिअरबॉक्स निवडायचा आहे. वरच्या वस्तीत आणखी तिघींचे दिवस भरत आलेत. फोटो पाठवलेत. तुमचं मत आलंसुद्धा, पट्टीवर काय लिहिलंय ते न विचारता.